मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा कॅथेटर घरी सांभाळताना

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनी मला कॅथेटरबद्दल, म्हणजे लघवीच्या नळीबद्दल, जे काही सांगितलं ते दहा मिनिटांत संपलं. पिशवी भरली की रिकामी करा, नळी ओढू नका, पंधरा दिवसांनी येऊन बदलून घ्या. मी मान डोलावली आणि ॲम्ब्युलन्समध्ये बसलो. २०१८ ची गोष्ट. बायको माझ्या गाडीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसली होती, सांगलीहून गावाकडे येताना पट्टे न मारलेल्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि ती मागच्या मागे पडली. मानेला इजा, रिपोर्टवर लिहिलेलं सी सिक्स, म्हणजे मानेतली सहावी पातळी. मनगट वर उचलता येतं, बोटं वळत नाहीत, छातीखाली स्पर्श कळत नाही. तेव्हापासून तिच्या लघवीचं सगळं मी आणि माझी आई बघतो, आता थोडं थोडं लेकही, आणि त्या दहा मिनिटांत जे राहून गेलं ते आम्ही चुकत चुकत, युरॉलॉजिस्टना, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांना, आणि फिजिओला विचारत विचारत शिकलो. ज्यांच्या घरी आत्ताच अशी नळी आलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपण मूत्राशयालाही लघवीची पिशवी म्हणतो आणि पलंगाला लटकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीलाही लघवीची पिशवीच म्हणतो. पहिल्या महिन्यात डॉक्टरांनी फोनवर विचारलं, पिशवी फुगलीय का बघा, आणि आईने बाहेरची पिशवी बघून सांगितलं, नाही हो, रिकामी आहे. बाहेरची रिकामी होती कारण नळी तुंबलेली, आणि आतली टम्म भरली होती. म्हणून आमच्या घरात आता दोनच शब्द चालतात, आतलं ते मूत्राशय आणि बाहेरची ती युरोबॅग. तुमच्याकडेही असं ठरवून टाका, फोनवर डॉक्टरांशी बोलताना फार उपयोग होतो.

आता मुळात नळी का लागते, तर मणका म्हणजे हाड आणि त्या हाडांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली येणारी जी दोरी आहे ती मज्जारज्जू. हाड स्क्रू-रॉड टाकून स्थिर करता येतं, पण दोरीतून जाणारे निरोप तुटले तर ते ऑपरेशनने परत जोडता येत नाहीत. मूत्राशयाची दोन कामं असतात, लघवी साठवणं आणि वेळ आली की सोडणं. सोडताना मूत्राशयाचा स्नायू आवळतो आणि त्याच क्षणी खालचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो. हा मेळ मेंदू घालून देतो. लघवीचं खालचं केंद्र मज्जारज्जूच्या अगदी टोकाला असतं, साधारण छातीचे मणके संपून कंबरेचे सुरू होतात त्या भागात. इजा त्याच्या वर झाली असेल, जशी आमच्याकडे मानेत, तर खालचं केंद्र जिवंत असतं पण मेंदूचा लगाम सुटलेला असतो. मग मूत्राशय थोडं भरलं की आपोआप आवळतं, आणि बऱ्याचदा त्याच वेळी खालची झडपही आवळते.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. विहिरीवरची मोटार चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे, तर काय होईल? दाब पाइपात चढत जाणार आणि जिथे कच्चं असेल तिथे फुटणार. शरीरात तो दाब मागे किडनीपर्यंत जातो. बाहेरून काही दिसत नाही, पेशंटला दुखत नाही, थोडी लघवी गळते म्हणून घरच्यांना वाटतं होतेय की आपोआप, आणि आत वर्षानुवर्षं किडनी खराब होत राहते. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. चादर कोरडी राहावी म्हणून नळी, असं आम्ही समजत होतो. नळी असते किडनीसाठी, चादरीचं नंतर.

इजा त्या खालच्या केंद्रावरच किंवा त्याच्याही खाली असेल, म्हणजे झाडावरून, माडावरून पडून कंबरेच्या मणक्याला मार लागलेल्यांमध्ये होतं तसं, तर उलट असतं, मूत्राशय सैल पडतं, आवळतच नाही, भरून ताणत राहतं आणि मग वरून ओसंडल्यासारखी लघवी गळते. दोन्हीत लघवी गळतेच, पण कारण वेगळं आणि औषधंही वेगळी, म्हणून शेजारच्या गावातल्या पेशंटची गोळी आपल्या पेशंटला देऊ नका. नेमका प्रकार युरोडायनॅमिक नावाच्या तपासणीत कळतो, त्यात मूत्राशय हळूहळू भरत आतला दाब मोजतात. ही तपासणी इजेनंतर लगेच नाही करत, कारण सुरुवातीचे काही आठवडे मज्जारज्जू शॉकमध्ये असते आणि सगळंच सैल असतं. त्या काळात जवळपास सगळ्यांना फोलीज कॅथेटर असतो, म्हणजे आत राहणारी, टोकाला फुगा असलेली नळी.

फोलीज घरी असताना जे आम्हाला महाग पडलं ते आधी सांगतो. नळी मांडीला टेपने किंवा पट्ट्याने बांधून ठेवायची, थोडी ढिली सोडून. पुरुष पेशंट असेल तर नळी खालच्या पोटावर किंवा मांडीच्या वरच्या बाजूला चिकटवतात. नळी मोकळी लटकत राहिली तर युरोबॅगचं वजन तिला सतत ओढतं आणि लघवीचा मार्ग हळूहळू चिरत जातो, पुरुषांमध्ये तर लिंगाचं टोक खालून फाटलेलं मी रिहॅबमध्ये डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या माणसाला ते कळलंही नव्हतं कारण तिथे संवेदनाच नाही. आपल्या पेशंटला दुखत नाही हे घरच्यांनी पक्कं डोक्यात ठेवायचं. दुखणं ही जी धोक्याची घंटा आपल्याला असते ती त्यांच्याकडे बंद आहे, ती घंटा आपले डोळे. नळी मांडीखाली दबून रात्रभर राहिली तर सकाळी तिथे नळीच्या आकाराचा लाल वळ, आणि दोन दिवस दुर्लक्ष केलं की तिथे जखम. कूस बदलली की नळी कुठे गेली ते हाताने चाचपून बघायचं, आई आता झोपेतही बघते.

युरोबॅग कायम मूत्राशयाच्या खाली. घरात हे सोपं आहे, चुकतं ते उचलाउचलीत. गाडीत बसवताना, व्हीलचेअरवर घेताना सगळे पेशंटला धरतात आणि कुणीतरी युरोबॅग उचलून तिच्या पोटावर ठेवतं, मग पिशवीतली शिळी लघवी मागे फिरते. हलवायच्या आधी पिशवी रिकामी करा आणि एका माणसाला फक्त पिशवीचं काम द्या. जमिनीवर ती टेकू देऊ नका, पलंगाच्या दांडीला हूक लावा, आणि पूर्ण भरायची वाट न बघता अर्ध्याच्या थोडं वर गेली की रिकामी करा. रिकामी करताना खालची तोटी मगला चिकटता कामा नये.

स्वच्छता म्हणजे साबण आणि पाणी, एवढंच. आम्ही सुरुवातीला रोज बीटाडीन लावायचो, वर पावडर, आणि तिथली कातडी सोलून निघाली. दिवसातून एकदोनदा आणि शौचानंतर साध्या साबणाने धुवा, बाई पेशंट असेल तर पुढून मागे पुसायचं, उलट नाही, नळी आतून बाहेरच्या दिशेने पुसायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपले हात, आधीही आणि नंतरही. लॅटेक्सच्या नळीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, त्याने रबर खराब होतं.

नळी घरी बदलायची असेल तर आधी नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून समोर बसून शिका, दोनतीनदा त्यांच्या देखरेखीखाली करा. आमची सोळा नंबरची आहे, नंबर म्हणजे नळीची जाडी, फुगा भरायच्या टोकाला नारिंगी रंग असतो, चौदा नंबरला हिरवा. फुग्यात किती पाणी ते नळीवरच छापलेलं असतं, बहुतेक १० मिली, आणि ते स्टेराइल वॉटर, म्हणजे निर्जंतुक पाणी असावं. फुगा फुगवायची घाई करायची नाही. लघवी यायला लागली तरी नळी आणखी थोडी आत घालायची, पुरुषांमध्ये तर बाहेरच्या टोकाला नळीला दोन फाटे फुटतात जवळपास तिथपर्यंत, आणि मगच फुगा. नाहीतर फुगा मूत्राशयात न फुगता वाटेतच फुगतो, आपल्याला असं झालं तर आपण किंचाळू, ही माणसं शांत पडून राहतात आणि नंतर रक्त येतं. बायकांमध्ये लघवीचं छिद्र सापडत नाही ही तक्रार असते आणि मलाही सापडायचं नाही, नळी चुकून योनीमार्गात जायची. तसं झालं तर ती तिथेच राहू द्या, खूण म्हणून, आणि दुसरी नवी नळी घेऊन तिच्या वरच्या बाजूला बघा. तीच नळी काढून परत वापरायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्या प्रत्येक घराने वाचावं. चुलत बहिणीच्या लग्नाला गेलो होतो, जेवणं चालू होती, आणि ही म्हणाली, अहो, डोकं फुटतंय. चेहरा लाल, कपाळावर घामाच्या धारा, नाक चोंदलेलं. लोकांनी प्रेमाने तिला सतरंजीवर आडवी केली, कुणी बाम चोळला. बीपीचं मशीन आम्ही सोबत ठेवतो म्हणून कळलं, वरचा आकडा १९० होता. तिचं एरवीचं बीपी ९० च्या आसपास असतं, मानेच्या इजेत ते कमीच असतं. कारण काय निघालं, तर व्हीलचेअरच्या बाजूच्या पत्र्यात नळी चिमटली होती आणि दीडदोन तास मूत्राशय भरत होतं.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. इजेच्या खाली काहीतरी बिघडलंय, मूत्राशय ताणलंय, शौच अडकलंय, कुठे टोचतंय, तर तो निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या घाबरून आवळतात आणि बीपी झपाट्याने चढतं. मेंदू थांब म्हणतो पण त्याचा हुकूम इजेच्या खाली उतरत नाही. वेळेत उपाय झाला नाही तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आडवं करणं म्हणजे चुकीच्या दिशेने जाणं. पेशंटला सरळ उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा, घट्ट कपडे, बूट सगळं सैल करा, आणि मग नळी तोंडापासून युरोबॅगपर्यंत बोटाने चाचपत जा, कुठे वळलीय, कुठे दबलीय. नळी कुठेही वळलेली-दबलेली नसूनही लघवी येत नसेल तर ती आतून तुंबलीय, लगेच बदला, आणि घालताना लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणारी जेली लावून दोनेक मिनिटं थांबा कारण नळी घालण्यानेही बीपी आणखी चढू शकतं. दर दोनचार मिनिटांनी बीपी बघत राहा. मूत्राशय मोकळं झाल्यावरही उतरलं नाही, किंवा कारणच सापडलं नाही, तर हॉस्पिटल, आणि जाताना बसवून न्या. तालुक्याच्या ठिकाणी ड्युटीवरच्या डॉक्टरांनी हे नेहमी पाहिलेलं असेलच असं नाही, १३० बीपी बघून ते नॉर्मल म्हणतील, पण ज्याचं रोजचं ९० आहे त्याला १३० सुद्धा जास्त आहे. म्हणून आम्ही एका कार्डावर इजेची पातळी, रोजचं बीपी, या त्रासाचं नाव आणि आमच्या डॉक्टरांचा नंबर लिहून व्हीलचेअरला अडकवलंय.

याच कारणासाठी नळीला चिमटा लावून मूत्राशयाला सवय लावा असा सल्ला कुणी दिला तर आधी तुमच्या युरॉलॉजिस्टना विचारा. आम्ही केलं होतं ते पहिल्या वर्षी, दोन तास बंद, मग सोडायची, आणि रोज दुपारी हिचं डोकं दुखायचं, आम्हाला वाटायचं ऊन लागतंय. तुटलेले निरोप चिमट्याने जुळत नाहीत. पोट दाबून लघवी काढण्याचंही तसंच, बंद व्हॉल्व्हवर आणखी जोर लावणं आहे ते, दाब किडनीकडे जातो.

इन्फेक्शनबद्दल माझं मत आता ठाम झालंय. आत राहणारी नळी असेल तर काही दिवसांत-आठवड्यांत लघवीत जंतू येतात, ते जवळपास सगळ्यांच्याच येतात. लघवी गढूळ दिसली, वास आला, रिपोर्टमध्ये जंतू आले, एवढ्यावर अँटिबायोटिक द्यायचं नसतं. आम्ही पहिली दोन वर्षं प्रत्येक रिपोर्टला गोळ्या दिल्या, मीच मागून घेतल्या, आणि तिसऱ्या वर्षी खरोखर थंडी वाजून ताप आला तेव्हा तोंडाने घ्यायची एकही गोळी त्या जंतूवर चालेना, ॲडमिट करून इंजेक्शनं द्यावी लागली. ताप, हुडहुडी, पायाचे झटके अचानक वाढणं, नळीच्या बाजूने नव्याने गळणं, बीपीचे वर सांगितलेले प्रकार, पेशंट मरगळणं, ही खरी लक्षणं. तेव्हा मग लघवीचं कल्चर, म्हणजे कुठला जंतू आहे ते शोधणारी तपासणी करा, आणि सॅम्पल युरोबॅगमधून कधीच देऊ नका, जुनी नळी काढून नवी घातल्यावर तिच्यातून आलेली ताजी लघवी द्या. एकदा तर हिची युरोबॅग चक्क जांभळी झाली, आईने घाबरून मला ऑफिसात फोटो पाठवला. काही जंतू लघवीतल्या एका घटकापासून निळे-लाल रंग तयार करतात आणि ते प्लास्टिकवर बसतात, बद्धकोष्ठ असलेल्यांमध्ये जास्त दिसतं. डॉक्टरांना दाखवलं, पोट साफ व्हायचं बघितलं, नळी-बॅग बदलली आणि गेलं.

पोट साफ असण्याचा आणि नळीचा एवढा संबंध असेल असं वाटलं नव्हतं. शौच खडा झालं की ते बाजूच्या मूत्राशयाला आणि नळीला दाबतं, मग लघवी नळीतून न येता बाजूने गळते आणि आपण मोठ्या नंबरची नळी घालायला जातो. तसं करू नका, मोठ्या नळीने मार्ग आणखी रुंदावतो. आधी पोट बघा. आणि नळी काढल्यावर टोकाला वाळूसारखं काही लागलं असेल तर ते डॉक्टरांना दाखवा. काही जंतू लघवी अल्कलीसारखी करतात आणि क्षार जमून नळी तुंबते, मूत्राशयात खडा असेल तरी असं वारंवार होतं.

फोलीजशिवाय दुसरा रस्ता म्हणजे दर चारसहा तासांनी साधी नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. याला सीआयसी, म्हणजे क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला डॉक्टर गुटमान यांनी मज्जारज्जूच्या जखमी सैनिकांना ठरावीक वेळाने नळी घालायला सुरुवात केली, पण ते सगळं निर्जंतुक, डॉक्टरांच्या हातचं काम होतं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या लॅपिडिस नावाच्या युरॉलॉजिस्टने सांगितलं की नुसते स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, कारण मूत्राशय ताणून ठेवण्यानेच जास्त इन्फेक्शन होतं, वेळेवर रिकामं करणं महत्त्वाचं. त्या एका गोष्टीने हे काम हॉस्पिटलमधून घरात आलं. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर निघायला लागली तर पाणी फार होतंय किंवा मधलं अंतर फार आहे. या पद्धतीत पाणी दिवसभरात विभागून, संध्याकाळनंतर कमी. नळी एकदाच वापरायची असते, पण खर्चामुळे आपल्याकडे बरेच जण धुऊन वापरतात. तसं करावंच लागलं तर डॉक्टरांना विचारून, लगेच साबणाने आतूनबाहेरून धुऊन, आत पाणी राहू न देता पूर्ण वाळवून कोरड्या डब्यात, ओल्या पिशवीत गुंडाळून नाही.

ज्याचे हात चालतात त्याच्यासाठी मला हीच पद्धत सगळ्यात चांगली वाटते, माणूस नळीतून मोकळा होतो. आम्हीही आठ महिने केली. सकाळी सहा, अकरा, चार, रात्री नऊ आणि मध्यरात्र. मी नोकरी करतो, अकरा आणि चारचं आईवर आलं, तिला मोतीबिंदू, लेक नववीत. एक वेळ चुकली की बीपी चढायचं. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, हे तुम्ही दहा वर्षं करू शकाल का? मी खरं सांगितलं, नाही. मग त्यांनी बेंबीच्या खाली छोटं छिद्र करून थेट मूत्राशयात नळी बसवली, सुप्राप्युबिक. पहिली बदली त्यांनी केली, आता महिन्याला होते. बदलायला सोपी, खाली जखम होत नाही, आणि नवरा-बायकोच्या नात्यात खालची नळी जी अडचण असते ती उरत नाही, हे कुणी बोलत नाही पण महत्त्वाचं आहे. इन्फेक्शन आणि खडे या नळीनेही होतात. ही नळी निघून पडली तर मात्र छिद्र काही तासांतच, कधी त्याआधीच आकसतं, म्हणून त्याच नंबरची जास्तीची नळी घरात, गाडीत आणि तिच्या पर्समध्ये असते.

कुठलीही पद्धत असो, वर्षातून एकदा किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करा, काही त्रास नसला तरी. किडनीसाठी रक्तात तपासतात त्या क्रिएटिनिनवर नुसतं विसंबू नका, हालचाल गेल्यावर स्नायू आटतात म्हणून ते कमी येतं आणि किडनी बिघडलेली असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. आठदहा वर्षांच्या वर नळी असेल आणि लघवीत वारंवार रक्त दिसत असेल तर नळी घासली असेल म्हणून सोडून देऊ नका, दुर्बिणीने आत बघून घ्या.

एक गोष्ट मी उशिरा शिकलो. नळीचं काम करताना मी बायकोशी बोलायचोच नाही, मान खाली घालून पटापट उरकायचो, तिला वाटायचं मला किळस येते. एक दिवस ती म्हणाली, अहो, आधी सांगत तरी जा काय करताय ते, माझंच अंग आहे. तेव्हापासून दार लावतो, अंगावर चादर घेतो, काय करतोय ते सांगतो, आणि नळी कधी बदलायची ती तारीख आता ती ठरवते, नंबर, कंपनी, किती तारखेला टाकली, हे सगळं तिच्याच मोबाईलमध्ये ती आवाजाने नोंदवून ठेवते. परवा नव्या नर्सबाई आल्या होत्या, फुग्यात पाणी भरायला लागल्या तर हीच म्हणाली, थांबा ताई, अजून आत जाऊ दे.